मैत्रिणीला पिंपल्स आले म्हणून तुम्हालाही येतात का?

सिनॉप्सिस लिहायला बसलात की एक वाक्य हमखास सुचतं: ‘माणसाचं वर्तन आणि त्याचा सामाजिक परिसर एकमेकांना घडवतात.’ माझ्याही सिनॉप्सिसची सुरुवात याच वाक्याने होती. लिहिताना फार बरं वाटलं होतं. समितीतल्या एका सरांनी ते मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे खोटं ठरायचं असेल तर काय दिसायला हवं?"

मला उत्तर आलं नाही. सहा महिन्यांनी यायला लागलं. मधल्या काळात एका गाजलेल्या पेपरशी माझं जे भांडण झालं, ते आज सांगते. पेट देऊन नुकतेच विषय शोधायला लागला असाल तर हे तुमच्या कामाचं आहे, कारण हा पेपर तुमच्याही यादीत येणारच.

आधी माझा विषय. मी रोह्याची. आमच्या लहानपणी घराघरात सकाळचा एक वास असायचा, तव्यावर तंबाखू भाजल्याचा. काळी झाली की ती कुटायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना लावायची. मशेरी. घाटावर तिला मिश्री म्हणतात. आता बहुतेक जणी पुडी विकत आणतात, पण सवय तीच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या २६.६ टक्के लोकांमध्ये तंबाखूचा वापर आढळला, बायकांमध्ये १७ टक्के. बायकांमधला वापर जवळजवळ सगळा बिनधुराचा. हा प्रश्न नुसता दात काळे होण्याचा नाही. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये ‘बीएमजे’त पेपर छापला. बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं, आणि त्या बायकांत मशेरीवाल्याच जास्त होत्या.

मी एम.एस्सी. संख्याशास्त्रातून आलेली, त्यामुळे डोक्यात जाळी आणि मॅट्रिक्स. माझी कल्पना अशी होती: रोहा तालुक्यातल्या काही वाड्यांमध्ये कोण कोणाच्या ओट्यावर बसते ते नोंदवायचं, कोण मशेरी लावते ते नोंदवायचं, आणि मशेरी मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे ‘पसरते’ हे दाखवायचं. मग आरोग्य खात्याला सांगायचं की एकेकीला समजावत बसू नका, गटातल्या मुख्य बाईला पकडा, बाकीच्या आपोआप सोडतील.

ही कल्पना मी जिथून उचलली तो पेपर म्हणजे निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांचा, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००७ साली आलेला. विषय लठ्ठपणाचा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात हृदयरोगाचा एक दीर्घ अभ्यास १९४८ पासून चालू आहे. त्यातल्या १२,०६७ माणसांची १९७१ ते २००३ अशी ३२ वर्षांची वजनं आणि नाती त्यांनी जोडली. निष्कर्ष असा की तुम्ही ज्याला मित्र म्हणता तो लठ्ठ झाला तर तुम्ही लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. भावंडांमध्ये ४०, नवरा-बायकोत ३७. दोघंही एकमेकांना मित्र म्हणत असतील तर १७१ टक्के! जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो उचलला. तुमचा मित्र तुम्हाला जाड करतो, असा मथळा कुणाला नको असतो?

पेपरमध्ये खरोखर हुशारीचं काय आहे ते आधी मान्य करू. मैत्रीची नोंद त्यांनी मुद्दाम गोळा केली नव्हती. अभ्यासातला माणूस पुढच्या तपासणीला सापडावा म्हणून फॉर्मवर एका जवळच्या मित्राचं नाव लिहून घेत, म्हणजे पत्ता बदलला तर त्याच्याकडून कळेल. कार्यालयातल्या त्या जुन्या कागदांतून यांनी जाळं उभं केलं. संशोधनाची दृष्टी म्हणतात ती ही. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीत, दवाखान्यात, रेशनच्या नोंदींत असं काय काय पडलेलं असेल, याचा विचार मी तेव्हापासून करतेय.

पण तेच कागद पेपरची कमजोरीही आहेत. एका माणसाने साधारण एकच मित्र लिहिलेला. तो मित्र अभ्यासाबाहेरचा असेल तर त्याचं वजन माहीतच नाही, म्हणजे तो गेला. तुमच्या चार मैत्रिणींपैकी जिचा पत्ता तुम्ही ऑफिसात द्याल, तीच तुमच्या खाण्यापिण्यावर परिणाम करते का? माझ्यापुरतं उत्तर साफ नाही असं आहे.

आता मुख्य भांडण. जोडलेली माणसं सारखी दिसतात, हे पेपर दाखवतो आणि ते बहुतेक खरंच आहे. पण सारखेपणा तीन रस्त्यांनी येतो. एक, मी तुझं बघून शिकले. दोन, आपण आधीच सारख्या होतो म्हणून मैत्रिणी झालो. तीन, आपल्या दोघींवर बाहेरून तीच गोष्ट आदळली. तिन्ही रस्त्यांच्या शेवटी दिसणारं चित्र एकच, शेजारीशेजारी बसलेल्या दोन सारख्या बायका. चार्ल्स मॅन्स्की या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये याला आरशाचा दाखला दिला होता. आरशातली प्रतिमा आणि माणूस एकदमच हलताना दिसतात. प्रतिमा माणसाला हलवते की माणूस प्रतिमेला, की दोघं तिसऱ्याच कशाने हलतात, हे नुसतं बघून सांगता येत नाही. आपल्याला आरसा काय असतो ते आधीच माहीत असतं म्हणून हा प्रश्न बावळट वाटतो. समाजाच्या बाबतीत ते माहीत नसतं.

क्रिस्टाकिस-फाउलर यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी तीन बचाव उभे केले आणि तिन्ही नीट वाचण्यासारखे आहेत.

पहिला, मित्राचं आणि तुमचं आधीचं वजन समीकरणात घेतलं, म्हणजे ‘आधीच सारखे होते’ हा मुद्दा निकालात. कोस्मा शलिझी आणि अँड्र्यू थॉमस यांनी २०११ मध्ये याच बचावाला धरलं. ते गणितात सांगतात, मी रोह्यात सांगते. शाळेत दोन मुली कबड्डीमुळे मैत्रिणी झाल्या. दोघी सडपातळ. दहा वर्षांनी दोघींची लग्नं झाली, खेळ सुटला, वजन वाढलं. त्यांचं ‘आधीचं वजन’ तुम्ही समीकरणात कितीही वेळा घाला, कबड्डी त्यात येत नाही. आणि मैत्री तर कबड्डीमुळेच झाली होती! जी गोष्ट मैत्रीही जुळवते आणि पुढचं वर्तनही ठरवते, ती मोजलेली नसेल तर ‘शिकले’ आणि ‘सारख्या होतो’ हे दोन रस्ते निरीक्षणातून वेगळे करता येत नाहीत. यात नमुना वाढवूनही काही होत नाही. बारा हजारांच्या जागी बारा लाख घ्या, अडचण तिथेच.

दुसरा बचाव मला सर्वांत आवडला होता, म्हणून तो मोडला तेव्हा सर्वांत वाईट वाटलं. मी तुला मित्र म्हणतो, तू मला म्हणत नाहीस. मग तुझा परिणाम माझ्यावर दिसतो, माझा तुझ्यावर दिसत नाही. परिसर दोघांचा एकच असेल तर परिणाम दोन्ही दिशांना सारखा दिसायला हवा होता. तो दिसत नाही, म्हणून हे अनुकरणच. काय सुंदर युक्तिवाद आहे! पण ५७ टक्क्यांच्या शेजारचा विश्वासांतर वाचा: ६ ते १२३. एवढ्या रुंद पट्ट्यात उलट दिशेचा आकडाही आरामात बसतो. रसेल लायन्स यांनी २०११ च्या त्यांच्या टीकेत नेमकं यावरच बोट ठेवलं. एक आकडा ‘सिग्निफिकंट’ आणि दुसरा ‘नाही’, याचा अर्थ त्या दोघांमधला फरक सिग्निफिकंट आहे असा होत नाही. हे वाक्य हवं तर भिंतीवर लावा, कारण व्हायवामध्ये ही चूक करणारे मी पाहिलेत आणि त्यांत मी स्वतःही होते. शिवाय शलिझी-थॉमस यांनी संगणकावर असं जग बनवून दाखवलं की ज्यात कोणी कोणाचं काही शिकत नाही, तरी ही एकतर्फी खूण उमटते. ज्याचं नाव बरेच जण घेतात तो माणूस आणि जो नाव घेतो तो माणूस मुळात वेगळे असतात, एवढं पुरतं.

तिसरा बचाव शेजाऱ्यांचा. शेजारी लठ्ठ झाला तर काही फरक पडत नाही, आणि मैलभर लांब राहणाऱ्या मित्राचा मात्र पडतो. म्हणजे परिसर नव्हे. इथे पेपर परिसर म्हणजे गल्ली असं धरून चालतो. आमच्या इथे बघा. अष्टमीतल्या एकाच आळीत एक बाई सकाळी धाटावच्या एमआयडीसीत कामाला जाते, दुसरी घरी असते, तिसरी दिव्याची गाडी पकडून पनवेलला जाते. आळी एक, परिसर तीन. उलट एमआयडीसीत शेजारी उभ्या राहणाऱ्या दोघी वेगवेगळ्या गावांतून येतात आणि दिवसाचे आठ तास एका परिसरात असतात. मैत्रिणी त्याच होतात. परिसर घराच्या पत्त्यावरून मोजला की तो नाहीच असं दिसणारच.

आता मथळ्यातले पिंपल्स. इथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर यांनी २००८ च्या डिसेंबरात ‘बीएमजे’मध्ये एक खोडकर काम केलं. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांची माहिती घेतली, हीच पद्धत लावली आणि विचारलं: मित्राला पिंपल्स आले की तुम्हाला येतात का? मित्राचं डोकं दुखलं की तुमचं दुखतं का? मित्राची उंची वाढली की तुमची वाढते का? पद्धतीने तिन्हींना होकार दिला. उंचीसुद्धा! परिसरातले सामाईक घटक समीकरणात घेतल्यावर ते परिणाम विरले. गंमत म्हणजे त्याच महिन्यात, त्याच नियतकालिकात फाउलर-क्रिस्टाकिस यांचा आनंद पसरतो हा पेपरही आला.

पेपर खोटा आहे असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही घाईने म्हणू नका. टायलर व्हँडरवील यांनी २०११ मध्ये उलट हिशेब केला: न मोजलेली गोष्ट किती जोरदार असेल तर हे आकडे पुसले जातील? त्यांच्या मते लठ्ठपणा आणि सिगारेट सोडणं यांचे निष्कर्ष बऱ्यापैकी टिकतात, आनंद आणि एकटेपणाचे तेवढे नाहीत. मूळ लेखकांनीही २०१३ मध्ये सविस्तर उत्तर दिलं. तेही वाचा. टीका वाचून मूळ पेपर न वाचणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. माझा आक्षेप एवढाच की मूळ पेपरच्या शीर्षकातला ‘पसरणं’ हा शब्द पुराव्याच्या पुढे धावतो.

तर मग माझ्या मशेरीचं काय झालं?

पायलटसाठी मी पहिल्या मुलाखती माझ्या ओळखीच्या वाडीत घेतल्या. प्रश्नावलीत एक प्रश्न होता, ‘तुम्ही कोणाचं पाहून सुरुवात केली?’ प्रश्नातच उत्तर भरलेलं, हे तेव्हा कळलं नाही. एक काकू माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "कोणाचं बघून कशाला गो? दाढ ठणकायची रात्रभर. डॉक्टर कुठे होता इथं दाढेचा?" पुढे आणखी दोघींनी दाढच सांगितली. हा झाला तिसरा रस्ता: वाडीतल्या सगळ्यांच्या वाट्याला आलेली एकच अडचण. तालुक्याच्या गावापासून लांब असलेल्या सगळ्या बायकांची दाढ दुखते, म्हणून सगळ्या मशेरी लावतात, म्हणून माझ्या जाळ्यात मशेरी ‘पसरलेली’ दिसते. मी गटाची मुख्य बाई शोधत बसले असते. तिथे गरज दातांच्या डॉक्टरची होती.

दुसरा रस्ता त्याहून घरचा निघाला. सासू मशेरी लावते, सून लावते, म्हणजे सुनेने सासूचं उचललं असं मी धरलं होतं. बोलताना कळलं की अनेकींनी माहेरीच सुरू केलेली. सोयरीक होते कुठे? आपल्यासारख्याच घरात. जात, शेती, खाणंपिणं, गावाचं अंतर, सगळं बघून. म्हणजे सासू-सून सारख्या असणं हे लग्न जुळवतानाच ठरलेलं. आपल्याकडे निवड मैत्रीच्या आधी, आईबापांच्या बैठकीत होते. फ्रेमिंगहॅमच्या समीकरणात हे बसवायचं तर माझं ‘आधीचं वर्तन’ लग्नाच्याही आधीचं लागेल.

आणि तरीही पहिला रस्ता बंद नाही. एका घरी सुनेने पहिल्या बाळंतपणात मशेरी सोडली. आशाताईंनी सांगितलं म्हणून. सोडली ते सोडली, पण त्यानंतर दुपारी ओट्यावर जाणंही कमी झालं, कारण तिथे डबी फिरते आणि नाही म्हणायचा कंटाळा येतो. ती येत नाही म्हणून तिची जाऊ येत नाही. बैठकच मोडली. इथे वर्तनाने परिसर बदलला, आणि बदललेल्या परिसराने दुसरीचं वर्तन. माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य इथे खरं होतं की! पण बघा, हे मला सारखेपणा मोजून कळलं नाही. आधी काय झालं आणि नंतर काय, हे विचारल्यावर कळलं.

अल्बर्ट बंडुरा यांनी १९७८ च्या प्रसिद्ध लेखात व्यक्ती, वर्तन आणि परिसर असा त्रिकोण मांडला आणि प्रत्येक बाजूला दोन्हीकडे टोकं असलेला बाण काढला. आपण तो त्रिकोण सिनॉप्सिसमध्ये चिकटवतो आणि ‘सैद्धांतिक चौकट’ असं खाली लिहितो. बंडुरांचं म्हणणं यापेक्षा बारीक होतं. तीन घटकांचं वजन प्रसंगागणिक आणि माणसागणिक बदलतं, हे त्यांनी लिहिलंय. चिकटवताना तेच नेमकं गळतं. सगळीकडे दोन्ही टोकांचे बाण असतील तर कुठलीही माहिती आली तरी चित्र बरोबरच. सरांच्या प्रश्नाचा रोख हाच होता.

मग बाण एका बाजूचा कसा पकडायचा? परिसर कोणाला मिळणार हे माणसाच्या हातात नसेल तिथे शोधायचं. अमेरिकेत १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या ४,४९८ बायकांना चिठ्ठ्या टाकून दुसरीकडे राहायला जाण्याची संधी दिली किंवा दिली नाही. दहा-पंधरा वर्षांनी ज्यांना कमी गरिबीच्या वस्तीत जायची संधी मिळाली होती, त्यांच्यात अति-लठ्ठपणा आणि मधुमेह काही प्रमाणात कमी निघाला. आपल्याकडेही चिठ्ठ्या निघतात, म्हाडाच्या! तनू कुमार यांनी मुंबईतल्या २०१२ आणि २०१४ च्या सोडतींतले विजेते आणि न लागलेले अर्जदार, अशा ८३४ कुटुंबांशी बोलून तुलना केली. घर लागलेल्यांचा स्थानिक कामांसाठी तक्रारी करण्यात, एकत्र येण्यात सहभाग जास्त दिसला. अर्ज दोघांनीही केलेला, फरक नशिबाचा, म्हणून ‘आधीच तसे होते’ हा आक्षेप इथे पडतो. पण इथेही डोळे मिटू नका. म्हाडाचं घर लागलं म्हणजे नवा शेजार मिळाला आणि भलीमोठी मालमत्ताही मिळाली. तक्रार करायला शेजाऱ्यांनी शिकवलं की मालकीने, हे सोडत एकटी सांगत नाही. कुमार स्वतःही त्याकडे संपत्तीचा परिणाम म्हणून बघतात. तुमच्या विद्यापीठात हॉस्टेलच्या खोल्या चिठ्ठीने देत असतील तर लगेच वॉर्डनला गाठा, अख्खा एक पेपर तिथे पडलेला असू शकतो.

मशेरीसाठी मला अशी सोडत मिळणार नाही. लग्नं काही चिठ्ठ्या टाकून होत नाहीत. म्हणून मी तीन बदल केले. ‘कोणाचं पाहून’ हा प्रश्न काढला. त्याजागी सुरुवात कधी, कुठे आणि त्या दिवसांत आणखी काय चाललं होतं, असं विचारते. जाळ्यात ओट्याबरोबर कामाची जागा आणि माहेरचं गाव आलं. आणि प्रत्येकीची उंची मोजते. काकू हसतात, "मशेरीचा न् उंचीचा काय संबंध?" संबंध नसावा हेच तर बघायचंय. माझ्या विश्लेषणात रोह्यातल्या बायकांची उंची मैत्रिणींमधून पसरताना दिसली, तर मशेरीचा आकडा मी छापणार नाही.

अडकलेय ती तारखांवर. मशेरी कितव्या वर्षी सुरू केली हे कोणालाच आठवत नाही, आणि आधी-नंतर कळलं नाही तर बाकी सगळं फुकट. सध्या खुणा वापरून बघतेय: लग्नाआधी की नंतर, थोरला शाळेत जायच्या आधी की नंतर, २००५ च्या जुलैमधल्या पुराआधी की नंतर. पुराची खूण सर्वांत चांगली चालते. कुंडलिकेचं पाणी कुठवर आलं होतं ते प्रत्येकीला हाताने दाखवता येतं, आणि तेव्हा फडताळावरची डबी भिजली होती की नाही, हेही.